बोट नावावर करताना

तिला ब्रेकबाई हे नाव पडलं होतं ते तिच्याकडे मोटार शिकायला येणाऱ्या मुलांमुळे. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, आणि तिचा पाय त्यावर असा काही पडायचा की शिकणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलायचं. समोरून ट्रक येवो नाहीतर सायकलवाला, ही बाई शांत. घाबरणं हे शेजारच्या माणसाचं काम, आपलं नव्हे, असं तिचं साधं गणित होतं.

पाण्यापुढे मात्र ते गणित कोलमडायचं. पोहता येत नव्हतंच, पण पुलावरून जातानाही ती खिडकीकडे पाठ करून बसायची. आणि तिच्याच नवऱ्याला म्हातारपणाची सोय म्हणून काय हवं होतं, तर जुनी शिडाची बोट!

बोट पसंत पडली, विसार दिला, आणि नावावर करायची तारीख मिळाली तशी हा गडी माळ्यावरून जुने दोर काढायला म्हणून स्टुलावर चढला आणि पाय मोडून घेऊन खाली आला. बोट दोघांच्या नावावर होणार होती, त्यामुळे सही तिचीही चालणार होती.

"नुसतं बसून जायचंय गं," प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून तो म्हणाला. "बोट कप्तान नेतील. पलीकडच्या धक्क्यावर नोंदणी कार्यालय आहे. निरीक्षक बोटीवरचा नंबर कागदाशी ताडून बघेल, तुम्ही दोघं सह्या कराल, झालं काम."

"मग मी रस्त्यानं जाते. बोट येऊ दे की पाण्यातनं."

"म्हाताऱ्या माणसाला एकट्याला पाठवायचं? बरं दिसतं का ते?"

बरं दिसावं म्हणून माणसं काय काय करतात! ब्रेकबाईने नारिंगी लाइफ जॅकेट गळ्याशी आवळलं, कागदांची फाइल पोटाशी धरली आणि देवाचं नाव घेत बोटीत पाय टाकला. फाइलमध्ये सगळं होतं. नोंदणीचं पुस्तक, विक्रीचा करारनामा, विमा, धक्क्याचं भाडं थकलेलं नसल्याचा दाखला. इंजिन बंद असल्याचंही करारात साफ लिहिलेलं होतं.

बोटीचे मालक कधी कुठल्या जहाजावर नव्हते. ते घड्याळं दुरुस्त करायचे. पण टोपी आणि पांढरी दाढी यामुळे सगळे त्यांना कप्तान म्हणत. त्यांची मुलगी त्यांना सोडायला धक्क्यावर आली होती. तिने वडिलांच्या टोपीचा बंद बांधला, मग सोडला, मग पुन्हा बांधला.

"फोन जवळ ठेवा हं," ती ब्रेकबाईला म्हणाली. "आणि बाबांशी बोलत राहा. गप्प बसू देऊ नका."

"बोलायला लावायची गरज आहे का त्यांना?" ब्रेकबाई हसून म्हणाली. खरंच, कप्तान सकाळपासून एकटेच बोलत होते. मुलगी हसली नाही. दोर सुटला तरी ती तिथेच उभी होती.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक चाललं. वारा मागून होता, शीड फुगलं होतं, आणि कप्तान सुकाणूचा दांडा काखेत धरून गिऱ्हाइकांचे किस्से सांगत होते. ब्रेकबाई नुसती हो ला हो करत होती. तिची नजर पलीकडच्या काठावरच्या पांढऱ्या इमारतीवर खिळली होती. तेच नोंदणी कार्यालय.

मग तिच्या लक्षात आलं की किस्सा मधेच थांबलाय. आणि पांढरी इमारत समोर असायची ती बाजूला सरकलीय.

"काका, धक्का तिकडे राहिला ना?"

"कुठला धक्का?"

"कार्यालयाचा. सह्या करायच्यात आपल्याला."

कप्तानांनी तिच्याकडे बघितलं. दाढी तीच, टोपी तीच, पण मघाचा माणूस त्या डोळ्यांत नव्हता.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं. "माझ्या बोटीत कशा आलात?"

"काका, मी... बोट घेणार आहोत ना आम्ही."

"घेणार? कोणाला विचारून?" त्यांची नजर फाइलवर गेली. पारदर्शक प्लास्टिकमधून त्यांचा स्वतःचा फोटो वर बघत होता. "हे माझे कागद आहेत. चोरलेत तुम्ही!"

ते उठून उभे राहिले. सुकाणू मोकळं सुटलं. बोट गर्रकन वळली, शीड फडफडलं, आणि शिडाखालचा आडवा दांडा तिच्या डोक्यावरून असा सणसणत गेला की केस हलले. ती खाली वाकली. बोट कलली आणि काठावरून पाणी आत आलं, तिच्या चपलांपर्यंत. तिचा उजवा पाय फळीवर दाबला गेला, होता नव्हता तेवढा जोर लावून. तिथे ब्रेक नव्हता.

"उतरा," कप्तान ओरडले. "आत्ताच्या आत्ता उतरा माझ्या बोटीतून!"

चहूकडे पाणी होतं. हाक पोचेल इतक्या जवळ कोणी नव्हतं. फोन पिशवीत होता आणि पिशवी त्यांच्या पायाशी. हा माणूस आपल्याला ढकलेल, ढकललं नाही तरी हाच पडेल, आणि मग या बोटीत आपण एकटीच, हे सगळं एका श्वासात तिच्या मनात येऊन गेलं.

तिने फाइल पुढे केली. "तुमचेच आहेत, काका. धरा."

ते गोंधळले. फाइल घेतली, छातीशी धरली आणि मटकन खाली बसले. बोट डुलत होती, पण बसलेला माणूस पडत नाही, एवढं तरी झालं.

आता काय बोलावं? खरं सांगून भागणार नव्हतं. हातपाय गळालेल्या शिकाऊ माणसाला काहीतरी हातात दिलं की तो ताळ्यावर येतो, हे तिने शेकडो वेळा बघितलं होतं.

"काका, मला बोट चालवायला शिकायचंय. तुमच्या मुलीने पाठवलंय मला."

"मुलीने?" कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या. "मग आधी सांगायचं ना. असं चोरासारखं काय बसायचं! या इकडे. दांडा धरा."

धरावा लागला. लाकूड ओलं होतं आणि तिचा हात त्याहून ओला.

"एवढा आवळू नका, पळून जात नाही तो. डावीकडे जायचं तर उजवीकडे ढकला. पाण्याकडे नाही, लांब बघा. ती पांढरी इमारत दिसते ना?"

"दिसते."

"तिच्यावर धरा."

शिडाचा दोर त्यांनी आपल्या हातात घेतला, आणि तो हात काही विसरला नव्हता. शीड भरलं, बोट सरळ झाली. ब्रेकबाई मात्र जिवाच्या आकांताने प्रश्न विचारत राहिली. हा दोर कशाचा, तो खिळा कशाला, वारा फिरला तर काय. उत्तर यायला क्षणभर उशीर झाला की ती पुढचा प्रश्न टाकायची. एकदा माणसांनी भरलेली लाँच भोंगा वाजवत समोरून आडवी आली. कप्तान तिच्याकडे बघत गप्प बसले.

"काका! आता?"

"आता काय?"

"लाँच!"

"येऊ दे की. हळूच ढकला उजवीकडे. हळू म्हटलं, हळू." लाँचच्या लाटांनी बोट तीनताड उडाली. तिने डोळे मिटले, उघडले, तेव्हा पांढरी इमारत समोरच होती आणि धक्क्यावरचा रखवालदार दोर मागत होता.

जमिनीवर पाय ठेवताच तिने आधी जॅकेट काढून टाकलं. कप्तान तोवर पार पहिल्यासारखे झाले होते.

"ताईंनी आणली बरं का बोट!" ते निरीक्षकाला म्हणाले.

निरीक्षक तरुण होता, घाईत होता. त्याने नंबर बघितला, कागदाशी ताडला, शिक्का काढला आणि करारनामा पुढे सरकवला. "इथे विकणाऱ्याची, इथे घेणाऱ्याची."

कप्तानांनी खिशातून पेन काढलं. बोललं तर चारचौघांत एका भल्या माणसाचं दुखणं उघडं पडणार. न बोलावं तर त्याची बोट त्याला न कळता आपल्या नावावर होणार. आणि घरी नवरा पेढ्याच्या पुड्याची वाट बघत बसलेला.

"थांबा," ती म्हणाली. "काका, आज आपण इथे कशाला आलोय?"

कप्तान तिच्याकडे बघून कसंनुसं हसले. अभ्यास न केलेलं मूल हसतं तसं. "तुम्हीच सांगा ना, ताई."

निरीक्षकाने शिक्का परत डबीत ठेवला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

फोन मिळताच मुलगी रिक्षाने धावत आली. वडील बाकावर डोळे मिटून बसलेले बघून आधी तिने त्यांच्या नाकापुढे हात धरला, मग ब्रेकबाईला कोपऱ्यात नेलं.

"काय झालं?"

ब्रेकबाईने सगळं सांगितलं. मुलगी ऐकत गेली तसा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधीतरीच होतं हो," ती म्हणाली. "मला वाटलं, बोटीवर ते नेहमी ठीक असतात. एवढं एक काम उरकलं की मग डॉक्टरांकडे नेऊ. आधी नेलं आणि त्यांनी लिहून दिलं, तर सही चालणार नाही म्हणतील. घरात मी एकटी आहे. ते पहाटे उठून बोटीकडे जातात. कधीतरी दोर सोडून निघून जातील या धास्तीने मला झोप नाही."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही बसला असतात का बोटीत?"

"नसते बसले."

"तेच." आणि ती तोंडावर पदर धरून रडली. ब्रेकबाईला राग आला होता, चांगला सणसणून आला होता, पण तो कुठे टाकावा हे तिला कळेना. तिने मुलीचा हात धरला.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. कार्यालयाच्या लाँचने बोट ओढत परत नेली. कप्तानांना डॉक्टरकडे नेलं, त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं, आणि मग मुलीला वडिलांच्या वतीने व्यवहार करता यावा म्हणून न्यायालयाचे खेटे सुरू झाले. बोटीचे दोर तेवढ्या काळात साखळीने कुलूपबंद करून ठेवले होते.

नवऱ्याने ऐकून घेतलं ते न हसता. मग प्लास्टरवर बोटं वाजवली.

"नकोच घ्यायची का मग आपण बोट?" तो म्हणाला.

"आता नको म्हटलं तर त्या मुलीने काय करायचं?" ब्रेकबाई म्हणाली. "घ्यायची. पण बोटीचं पाण्यातलं काम तुमचं. मी फक्त सही करेन."

प्लास्टर निघालं, पाय जमिनीला लागला, तेव्हा कुठे निकाल आला. या खेपेला ब्रेकबाई रस्त्यानेच गेली. मुलीने वडिलांच्या वतीने सही केली, ब्रेकबाईने केली, शिक्का उमटला. कप्तान खिडकीशी उभे राहून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात विचारत होते, आपण घरी कधी जायचं, आणि मुलगी दर वेळी सांगत होती, "आत्ता निघू, बाबा. आत्ता निघू."