टाकीतलं तुळशीचं पान

टक्.

केदारनं चवीचा पेला ओट्यावर ठेवला.

"व्हिनेगर झालंय," तो म्हणाला.

मी पेला नाकाशी नेला. झोंबला.

भार्गवी पोटात असताना लावलेल्या वेली. देवळाली प्रवरेत चहूकडे ऊस आणि मधेच आमची ही वाईनची काळी द्राक्षं. यंदा पहिल्यांदा भरघोस आली. चुरून पिंपात आंबत घातली. सालं सारखी वर यायची, ती मी हातानं खाली दाबायची. भार्गवीच्या दुधाच्या कपावरही माझी जांभळी बोटं उमटायची. मग गाळून सगळी वाईन एका स्टीलच्या टाकीत बंद केली. आत हवा जाऊ द्यायची नाही, एवढंच जपायचं होतं.

"माझंच चुकलं. झाकणाचं रबर नीट बसवलं नसणार मी," केदार म्हणाला. "उद्या शेजारच्या कारभारीचा ट्रॅक्टर सांगतो. वेली काढून टाकू. ऊस लावू, चार लोकांसारखा."

"अरे, एका टाकीवरून..."

"माझ्यात नाही गं आता पुन्हा उभं राहायची ताकद."

तो अंगणात जाऊन बसला. मी आतल्या खोलीत टाकीपाशी गेले. केदारनं चव खालच्या तोटीतून घेतली होती, तरी झाकण एका बाजूनं उचललेलंच होतं. आत पांढरी साय धरलेली आणि तीत काळं पडलेलं एक पान. तुळशीचं.

होळीच्या दिवशीचं ग्रहण. सासूबाईंनी दुधात, पाण्यात, लोणच्याच्या बरणीत, सगळीकडे पान घातलं होतं. 'तुमचा बाटल्यांचा कारखाना' म्हणत ज्या या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हत्या, त्यांनी त्या दिवशी टाकीलाही घरातलं मानलं होतं.

पान मी मुठीत धरलं. केदारला सांगितलं, तर वेली कदाचित वाचतील. पण सासूबाई?

"जमली का गं वाईन?" त्यांनी देवघरातून विचारलं. "देवापुढे नको हो आणूस. पण पहिल्या बाटलीला कुंकू मी लावणार!"

मी मूठ आणखी घट्ट आवळली. भार्गवी जवळ आली, माझं एकेक बोट सोडवून तिनं पान पाहिलं. मग अंगणाकडे पाहिलं.

"आई, आजी म्हणाली होती, पान घातलं की काही बिघडत नाही. मग बाबा का रडतोय?"