दोन दारांची हिरवी डिझेल

हिल्के साटहोफला दुकानाच्या लिंगेन शाखेची प्रमुख केलं, त्याचा आनंद जेमतेम एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी तिनं अंतर मोजलं. लेअरमधल्या घरापासून दुकानापर्यंत पंच्याऐंशी किलोमीटर. जाताना तेवढे, येताना तेवढे, आठवड्यातून पाच दिवस. तिची जुनी छोटी गाडी शंभराच्या वर गेली की दारांसकट थरथरायची.

"डिझेलच घे," तिचा धाकटा भाऊ एनो म्हणाला. "पण शहाण्यासारखी. चार दारं, मागे भरपूर जागा."

"मागे काय ठेवू? मी एकटी जाणार, एकटी येणार."

"मग काय घेणार आहेस?"

तिनं फोन पुढे केला. गर्द हिरवी कूपे. दोन दारं, सहा सिलिंडर, तीन लिटरचं डिझेल इंजिन. अकरा वर्षं जुनी, मालक एकच.

एनोनं फोटो मोठा करून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "अठ्ठेचाळीस वर्षांची आहेस तू."

"म्हणूनच. अजून किती वाट बघू?"

मालकाचं नाव फोल्कर्ट डिर्कसेन. एम्डेनच्या पलीकडे, समुद्राच्या बांधाला टेकलेल्या गावात राहायचा. बोर्कुम बेटाच्या फेरीबोटीवर चौतीस वर्षं इंजिन सांभाळून निवृत्त झालेला, उंच, खांद्यात जरा वाकलेला माणूस. शनिवारी सकाळी हिल्के पोहोचली तेव्हा तो गॅरेजच्या दारातच उभा होता.

"मोइन!" त्यानं तिकडचा नमस्कार इतक्या जोरात ठोकला की शेजारच्या कुरणातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

हिल्केनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा गार होता. म्हणजे थंड इंजिनाचे दोष लपवायला गाडी आधीच गरम करून ठेवलेली नव्हती.

"वा!" डिर्कसेन खूश झाला. "कळतं म्हणजे तुम्हाला. याआधी तीन जण येऊन गेले. एकानं विचारलं, इंजिनाचा आवाज अजून मोठा करता येईल का. मी म्हटलं, दार तिकडे आहे."

त्याची बायको टोमा खिडकीतून म्हणाली, "फिरवून आणा आणि चहाला या."

"काय?" डिर्कसेन म्हणाला.

"चहा!"

"हां, हां. ओरडतेस कशाला?"

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गावातून हळूहळू बाहेर पडून ते एकतीस नंबरच्या महामार्गाला लागले. शनिवारचा रस्ता मोकळा. हिल्केनं पाय दाबला आणि गाडी अशी काही पुढे झेपावली, जणू कुणीतरी पाठीला हात लावून ढकललं. एकशे चाळीस, एकशे साठ. तिला हसू फुटलं. इतकं मोठ्यानं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"आवडली ना?" डिर्कसेन ओरडला. "कापसासारखं चालतं इंजिन. चूं नाही का चां नाही."

हिल्केचं हसू मावळलं. तिनं पाय सैल केला, पुन्हा दाबला. पुन्हा तेच. पाय दाबला की इंजिनाच्या भरदार आवाजावर एक बारीक, उंच शिट्टी तरंगायची. पाय काढला की गप्प.

"शिट्टी वाजतेय," ती म्हणाली.

"काय?"

"शिट्टी! पाय दाबला की!"

"छे. काच नीट लागली नसेल, वारा असेल."

काच लागलेलीच होती. तिनं तिसऱ्यांदा पाय दाबला. "आत्ता. ऐकू आलं?"

डिर्कसेनचा चेहरा आक्रसला. "बाई, चौतीस वर्षं मी डिझेल इंजिनं ऐकतोय. झोपेतसुद्धा नुसत्या आवाजावरून सांगायचो, कुठल्या सिलिंडरचं दुखतंय. किंमत पाडायची असेल तर सरळ सांगा."

हिल्केला राग आला नाही. असा चेहरा तिनं दुकानात रोज पाहिला होता. बायकोनं दंडाला धरून आणलेली माणसं खुर्चीत बसून असंच बोलायची. ती पुढच्या थांब्यावर वळली आणि झाडाखाली गाडी लावून इंजिन चालू ठेवलं.

डिर्कसेननं बॉनेट उघडलं. डिकीतून लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर आणला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटले. एकेका सिलिंडरवरून तो टोक सरकवत गेला.

"सहाच्या सहा ठणठणीत," तो म्हणाला.

हिल्के त्याच्या हाताकडे बघत होती. मूठ कानाच्या भोकाशी नव्हती, हाडावर होती. हाडातून आवाज आत पोहोचतो. बाहेरून, हवेतून येणारे बारीक आवाज मात्र याला ऐकू येत नव्हते.

"सिलिंडरबद्दल माझी तक्रारच नाही," ती त्याच्या समोर उभी राहून, तोंड दिसेल अशी, न ओरडता म्हणाली. "शिट्टी हवेची आहे. टर्बोकडून येणारा पाइप बघता का?"

त्यानं इंजिन बंद करायला सांगितलं, बाही वर सारली आणि हात खोल घातला. बोटं त्या जाड रबरी पाइपावरून सावकाश फिरली. वळणाखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, ती थांबली. हात बाहेर आला तेव्हा दोन बोटं तेलकट झाली होती.

"चीर आहे," तो म्हणाला. "नखाएवढी. दाब वाढला की उघडत असणार."

तो बोटं पुसू लागला. एक ट्रक येऊन थांबला, चालक उतरून सिगारेट ओढू लागला.

"मला खरंच ऐकू आली नाही," डिर्कसेन म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

"बोटांना लागली ना. मला हात घालूनही सापडली नसती."

"तुम्ही करता तरी काय?"

"श्रवणयंत्रं बसवते."

डिर्कसेननं आधी तिच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि गडगडाटी हसला. "टोमानं पाठवलं का तुम्हाला?"

टोमानं पाठवलं नव्हतं, पण चहाच्या टेबलावर सगळं कळल्यावर तिनं किटली खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. खडीसाखरेचे खडे कपात तडकत होते.

"माझे गुडघे दुखतात, या बुटक्या गाडीत बसता येत नाही, म्हणून विकतोय असं सांगितलं असेल ना यानं? माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. गेल्या महिन्यात मागे आगीचा बंब भोंगा वाजवत होता आणि हा मधोमध, आरामात. मी दंड धरून ओढलं तेव्हा बाजूला झाला."

"टोमा," डिर्कसेन म्हणाला.

"काय टोमा? खोटं आहे का?"

खोटं नव्हतं.

"कान तपासायला इथे एम्डेनात जायचं म्हणजे फेरीबोटीवरची अर्धी माणसं तिथे भेटणार," डिर्कसेन म्हणाला. "म्हणतील, डिर्कसेन बहिरा झाला."

"लिंगेनमध्ये कोण ओळखतं तुम्हाला?" हिल्केनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग झालं तर."

तिसरा कप भरला गेला. गाडी घ्यायचं हिल्केनं नक्की केलं, पण ती त्याच दिवशी द्यायला डिर्कसेन तयार होईना. चीर पडलेला पाइप घेऊन आपली गाडी कुणाच्या दारात उभी राहणार नाही, म्हणाला. चार दिवसांत त्यानं नवा पाइप आणून स्वतः बसवला, तेल बदललं आणि किल्ली दिली. पाइपाचे पैसे हिल्के देऊ लागली तर तो भांडायलाच उठला.

दोन आठवड्यांनी एका मंगळवारी सकाळी साडेसहाला लेअर स्टेशनबाहेर डिर्कसेन हिल्केबरोबर लिंगेनला जायला इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. दुकानात हिल्केनं त्याला बंद खोलीत बसवून तासभर तपासलं, यंत्रं बसवली, हळूहळू आवाज वाढवला. मग कागदाचा कपटा त्याच्या पाठीमागे चुरगाळला.

तो दचकून वळला. "हे काय होतं?"

"कागद."

"कागदाला एवढा आवाज असतो?"

परतीच्या पंच्याऐंशी किलोमीटरमध्ये त्यानं तक्रारींचा पाऊस पाडला. तुमचं जाकीट करकरतं. सीटचा पट्टा घासतो. टायरमध्ये खडा अडकलाय, थांबा, काढतो. खडा खरंच होता. त्यानं थांब्यावर उतरून चावीनं काढला आणि जपून खिशात टाकला.

हिल्केनं त्याला थेट गावापर्यंत नेऊन सोडलं. टोमा दारात आली आणि सवयीनं ओरडली, "कसं झालं?"

डिर्कसेननं दोन्ही हात कानांवर ठेवले. "अगं हळू! मी काय बहिरा आहे?"

टोमा हसता हसता दाराच्या चौकटीला टेकली, आणि मग तिनं स्वयंपाकाच्या ॲप्रननं डोळे पुसले.

हिल्केनं हात हलवला आणि गाडी वळवली. बांधावर मेंढ्या चरत होत्या, ऊन कलतं झालं होतं. घराचा फाटा आला तरी ती मुद्दाम महामार्गावरूनच पुढे गेली.