काइझानचं मनगट

ओसाकात हिशिमारु आणि कोगेत्सु या दोन्ही कंपन्यांची कार्यालयं एकाच भुयारी रेल्वेच्या मार्गावर होती, मध्ये फक्त नदी. तरी कोगेत्सुची माणसं हिशिमारुच्या स्टेशनजवळ जेवायला जात नसत, आणि हिशिमारुच्या माणसांना नदीच्या अलीकडे, कोगेत्सुच्या बाजूला, काही काम निघालंच, तर ती कोटावरचं कंपनीचं चिन्ह काढून खिशात टाकून येत. दोघींचंही पोट लढतीच्या व्हिडिओ गेमवर चालत होतं. ज्या गेम-सेंटरमध्ये एकीचं मशिन दाराशी असे, तिथे दुसरीचं जिन्याखाली ढकललेलं असे. शतक संपत आलं होतं, पोरं घरीच खेळायला लागली होती आणि गेम-सेंटरं ओस पडत चालली होती. म्हणून मग दोघींनी मिळून खेळ काढायचा, एकीचे लढवय्ये दुसरीच्या लढवय्यांशी एकाच पडद्यावर भिडवायचे असं ठरलं, तेव्हा कोगेत्सुच्या चित्रविभागात कुणी टाळी वाजवली नाही. विभागप्रमुख कुसुनोकी एवढंच म्हणाले, की ही सोयरीक आहे, तेव्हा हसतमुखाने वागायचं आणि घरातली कपाटं कुलपात ठेवायची.

करारात नाना अटी होत्या. जाहिरातीत कुणाचाही नायक गुडघ्यावर दिसता कामा नये, दोन्ही नावं सारख्याच उंचीची हवीत, आणि सर्वांत नाजूक अट म्हणजे समोरच्या कंपनीचे लढवय्ये आपण आपल्या पद्धतीने नव्याने काढायचे, पण त्यांची एकही हालचाल त्यांच्या संमतीवाचून बदलायची नाही. हिशिमारुचा नायक काइझान हा पहाडासारखा मल्ल. तो फुमिए इशिकुराच्या वाट्याला आला. ठिपक्याला ठिपका जोडून पडद्यावर माणूस उभा करण्यात तिचा हात धरणारं कोगेत्सुत कुणी नव्हतं. कंपनीची लाडकी तलवारवाली मिझुहो तिनेच काढलेली होती. जिंकल्यावर पाठ फिरवून मानेवरचे केस उचलणारी आणि दोन बोटांनी मान पुसणारी मिझुहो ओसाकातल्या शाळकरी पोरींनाही पाठ होती.

काइझानची मूळ चित्रं आली त्या दिवशी दुपारी फुमिएने ती एकामागून एक पडद्यावर फिरवून पाहिली. ठोसे, फेकी, उड्या या गोष्टी तिने पूर्वी गेम-सेंटरमध्ये पाहिल्या होत्या, शत्रूचं सैन्य पाहावं तशा लांबून. पण खेळणारा काहीच करत नसताना, प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत नुसता उभा असलेला काइझान तिने कधी नीट पाहिला नव्हता. तो डाव्या पंजात उजवं मनगट धरत होता, अंगठा हाडावर दाबत होता आणि घट्ट बसलेलं झाकण सैल करावं तसं ते मनगट हळूहळू फिरवत होता; आणि फिरवताना त्याची मान त्याच खांद्याकडे किंचित कलत होती, जणू मनगटातून काही ऐकू येतंय.

फुमिएने हात पडद्यावरून मागे घेतला. तोशिहारु असंच करायचा. तोशिहारु म्हणजे तिचा नवरा. काहीतरी सांगायचं मनात असून सांगत नसला, की तो नेमकं हेच करायचा, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. लग्नाची मागणी घालण्याआधी तासभर तो मनगट फिरवत बसला होता. तिचे वडील गेल्याचा फोन त्याने घेतला होता, त्या दिवशी ती दारातून आत आली तीच त्याचं मनगट पाहून चपापली होती. बोलण्यात तो गोड आणि गुळगुळीत होता, त्याच्या चेहऱ्यावरून काही ताकास तूर लागत नसे. नवऱ्याच्या मनात शिरायची तिला एवढी एकच फट सापडली होती, आणि ती तिने इतकी जपली होती की हजारो हालचाली काढूनही ही एक तिने कधी कुणाला दिली नव्हती. ती आता समोरच्या कंपनीच्या मल्लाच्या अंगावर होती, आणि कितीतरी वर्षं सगळ्या देशात नाणं टाकून पाहायला मिळत होती.

हे कुणी काढलं, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. कुसुनोकींनी नाव सांगितलं: मुनाकाता, हिशिमारुचा जुना माणूस. मग डोळे बारीक करून त्यांनी तिला विचारलं, का, ओळखीचा निघाला की काय. त्या दिवसांत हा प्रश्न कोगेत्सुत कुणी कुणाला गमतीने विचारत नव्हतं. फुमिए नाही म्हणाली.

त्या आठवड्यात ती घरी नवऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागली. तोशिहारु दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या आणि उपकरणं विकायचा, दिवसभर गावभर फिरायचा, शनिवारी सार्वजनिक स्नानगृहात जाऊन यायचा. एका शनिवारी ती त्याच्या मागोमाग गेली. तो स्नानगृहात शिरला, ओल्या केसांनी बाहेर आला, उदोन या जाड शेवया उभ्या उभ्या खायच्या दुकानात त्याने एक वाडगा संपवला आणि घराच्या वाटेला लागला. सिग्नलपाशी थांबला असताना तो गाणं गुणगुणत होता. घरी तो कधी गुणगुणत नसे. एवढंच सापडलं, आणि काहीच सापडलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

दोन्ही कंपन्यांच्या चित्रकारांची बैठक एका उनागीच्या, म्हणजे भाजलेल्या वाममाशाच्या खानावळीत वरच्या मजल्यावर दिवसाढवळ्या झाली. दोन पक्ष दोन रांगांत समोरासमोर बसले आणि एकमेकांच्या खेळांची इतकी स्तुती करत राहिले की कुणालाच घास गिळवेना. मुनाकाता पन्नाशी ओलांडलेला, पांढऱ्या केसांचा, हळू बोलणारा गृहस्थ होता. फुमिए उठून जिन्याजवळच्या खिडकीपाशी गेली तेव्हा तोही मागून आला. काय विचारायचं ते तिने मनाशी जुळवून ठेवलं होतं, पण तोच आधी बोलला.

"इशिकुराबाई, राग मानू नका. माझ्या बायकोला तुम्ही कुठे भेटलात?"

आपण त्यांना ओळखतही नाही, असं ती म्हणाली.

"तुमची मिझुहो मान पुसते ना, तशी माझी बायको पुसते. भांडण संपवायचं असलं की पाठ फिरवते, केस उचलते, आणि अगदी त्याच दोन बोटांनी. तुमचा खेळ मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा चालू डाव सोडून घरी गेलो होतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. आठवडाभर ती नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहत होती त्याच नजरेने तो तिच्याकडे पाहत होता, आणि तिने ती नजर ओळखली. माझे यजमान मनगट तसंच फिरवतात, मग काइझानचं तुम्ही कुठून आणलंत, असं तिने विचारलं.

 मुनाकाता म्हणाला, की हात आपोआप तसा गेला असंच तो आजवर धरून चालला होता. पण आता तिने विचारलं म्हणून आठवतं, काइझान काढला त्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोलाही मनगट तसं फिरवायची खोड लागली होती. पुढे ती सुटली.

"सवय लागते, बाई. सर्दी लागावी तशी. ज्याच्याजवळ बसाल त्याची लागते." मग त्याने विचारलं, "तुमचे यजमान कधी मान पुसतात?"

"नाही," फुमिए म्हणाली. आणि ते इतक्या चटकन आलं, की त्यातली घाई दोघांनाही ऐकू आली.

तुमच्या पत्नी काय करतात, असं तिने विषय बदलण्यासाठी विचारलं. दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलापाशी बसते, असं तो म्हणाला. आणि यजमान? ते विक्रीचं काम करतात, असं ती म्हणाली. काय विकतात ते तिने सांगितलं नाही. ओसाकात दातांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, असं ती परतताना गाडीत स्वतःला समजावत राहिली. पण मिझुहोची ती हालचाल आपल्याला कुठे सुचली, कुणाकडे पाहून सुचली, हे तिला काही केल्या आठवेना. आणि डोळे मिटले की आरशासमोर, तिच्याकडे पाठ करून, ओल्या मानेवरून दोन बोटं फिरवणारा तोशिहारु दिसायचा. तो खरा पाहिलेला होता की आता तयार झालेला, ते तिला ठरवता येईना.

तोशिहारुला तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने गोड उत्तर दिलं असतं. त्याऐवजी तिने काइझानचं मनगट पुसून टाकलं. डाव्या पंजाचे ठिपके काढून टाकले, दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान सरळ केली. संमतीसाठी चित्रं नदीपलीकडे पाठवताना आपण सूड घेतोय की लाज झाकतोय, हे तिचं तिलाच कळलं नाही. संमती लगेच आली, एका शब्दाच्याही शेऱ्याशिवाय.

त्यानंतर काही दिवसांनी तोशिहारुने जेवताना सांगितलं, की कामासाठी हिरोशिमाला जावं लागेल, बहुधा शनिवार-रविवार मोडून. फुमिएने सवयीने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते मांड्यांवर स्वस्थ पडले होते. तो हिरोशिमाहून आला, तिथल्या मिठाईची पेटी घेऊन आला, प्रवासाबद्दल भरभरून बोलला, हात स्वस्थ. त्याच्या थोरल्या भावाने कर्ज मागितल्याचं त्याने तिच्यापासून लपवलं होतं, ते तिला थोरल्या जावेकडून कळलं. आणि ते लपवलं त्या सगळ्या संध्याकाळी त्याचे हात तिच्यासमोर होते आणि हलले नव्हते.

"अहो, मनगटाचं दुखणं थांबलं का हल्ली?" तिने अखेर विचारलं.

"कुणाच्या मनगटाचं?" तो म्हणाला. तो मनापासून बुचकळ्यात पडला होता. निदान तसा दिसत होता. आणि आता त्याच्याबद्दल तिला एवढंच कळू शकत होतं.

तिने मुनाकाताला फोन केला. दुपारची जेवणाची सुट्टी होती, भोवती कुणी नव्हतं. काइझान आपण पूर्ववत करू या का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, की त्याला काही गरज दिसत नाही. उलट मिझुहो नव्याने काढायचं काम त्याच्या वाट्याला आलं होतं, तिचं मान पुसणं त्यानेही काढून टाकलंय, कुसुनोकींची संमती आली, इशिकुराबाईंना सांगितलं नाही वाटतं कुणी.

"आणि तुमच्या पत्नी?"

"सोडलं तिनेही," तो म्हणाला. "पाठ फिरवत नाही. बसून राहते समोर. घरात फार शांत आहे, बाई."

त्या दिवशी तिने काइझानची मूळ चित्रं शोधून पुन्हा पडद्यावर लावली. मल्ल मनगट फिरवत राहिला. ती पाहत राहिली आणि तिला भीती वाटली ती याची, की तो आता कुणासारखाच दिसत नव्हता. लग्नाच्या मागणीची ती संध्याकाळ तिने आठवून पाहिली. तोशिहारु समोर बसलेला होता, खिडकीतलं ऊन होतं, कॉफी होती, आणि त्याचे दोन्ही हात कमरेवर होते.

खेळ बाजारात आला. गेम-सेंटरांतून दोन्ही बाजूंची पोरं रांगा लावून एकमेकांना शिव्या घालू लागली, ‘तुमचा काइझान आमच्याकडे आल्यावर सुधारला’ असं कोगेत्सुवाले म्हणू लागले, आणि दोन्ही कंपन्यांनी मिळून त्याच उनागीच्या खानावळीत जेवण दिलं. या वेळी रांगा नव्हत्या. सगळे मिसळून बसले, मोठ्याने हसले. मुनाकाता फुमिएच्या समोर बसला होता. फारसं बोलला नाही, स्वतः फारसं जेवलाही नाही. ती जेवत असताना तो तिच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहत होता, या धंद्यातली माणसं पाहतात तसं, पापणी न हलवता. आणि तिने मान वर केली की वाडग्याच्या वाफेकडे पाहू लागायचा. हिशिमारुच्या पुढच्या खेळाचं काम सुरू झालंय, त्यात लढणाऱ्या बायका जास्त आहेत, त्यांच्या हालचाली रोज काढायच्या आणि रोज पुसायच्या चालल्यात, असं त्याच्या शेजारचा कुणीतरी सांगत होता.

हिवाळा सरत आला होता. एका रविवारी सकाळी फुमिए आणि तोशिहारु स्वयंपाकघरात न्याहारीला बसले होते. मिसोचं सूप होतं, भाजलेला मासा होता, खिडकीखालून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं. तोशिहारु मध्येच खायचा थांबला आणि तिच्याकडे पाहत राहिला, शब्द आठवत नसला की माणूस पाहतो तसा.

"फुमिए, तू जेवताना काहीतरी करायचीस बघ," तो म्हणाला. "मला फार आवडायचं ते. काय होतं गं?"

फुमिएने आपल्या हातांकडे पाहिलं. ते वाडग्याच्या दोन बाजूंना, सारख्याच अंतरावर, स्वस्थ ठेवलेले होते.