हिरव्या खडूवरची खाच

ठोक्या दारात आला तेव्हा ताई छपाईची जाळी धूत होती. ठोक्या म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या बँडमधला ड्रमवाला. अंगानं दांडगा, पण आज दाराच्या चौकटीत अंग चोरून उभा होता. एका हातात भावाची गिटार, दुसऱ्या हातात कागदाची गुंडाळी. भाऊ जाऊन एकवीस दिवस झाले होते. बँडबरोबर फिरत असताना, कुठल्याशा लांबच्या गावात, चार दिवसांच्या तापात गेला. निरोप मिळून ताई पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"बस," ताई म्हणाली. "पण आधी एक सांग. त्यानं ते वाचलं होतं का?"

"काय वाचलं होतं?" ठोक्यानं विचारलं.

आता हे सांगायचं तर थोडं मागं जायला हवं. ताई पोस्टरं छापायची. गावातल्या गॅरेजात, गोदामांत जेवढे म्हणून बँड धिंगाणा घालायचे, त्या सगळ्यांची. एका रंगाला एक जाळी, जाळीवर शाई, आणि रबराची पट्टी दोन्ही हातांनी ओढायची. अक्षरं अशी की धुरासारखी वळत वर जाणारी, उभं राहून बघितल्याशिवाय वाचता यायची नाहीत. आणि रंग तर डोळ्यांना धरून हलवणारे. त्यातली मेख अशी, की दोन रंग एकाच जोराचे घ्यायचे. लाल जेवढा गडद तेवढाच हिरवा. मग नजर ठरत नाही, कागद थरथरतोय असं वाटतं. जोर बरोबर जमला का हे बघायला ताई ताव छापला की त्याचा काळापांढरा फोटो काढायची. फोटोत अक्षरं नाहीशी झाली की समजायचं, रंग जमले.

तर दोन वर्षांपूर्वी बाबा हॉस्पिटलात होते. संध्याकाळी सहाला डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, आता काही खरं नाही. सातला भावाचा कार्यक्रम होता. तिनं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. वाजवू दे, आजची रात्र निघेल, उद्या सांगू, असं तिला वाटलं. बाबा साडेआठला गेले. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना हिचं तोंड सुटलं. "बाप जात होता आणि हा स्टेजवर उड्या मारत होता," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. त्याला कळवलं नव्हतं हे एकट्या तिला ठाऊक होतं. भाऊ खाली बघत राहिला.

दुःखात माणसाची जीभ घसरते, मान्य. पण घसरली तर सावरावी की नाही? ताई रात्रीच पस्तावली होती, पण "चुकलं" म्हणायला जीभ रेटेना. सगळं घरच तसलं, मोडेन पण वाकणार नाही. महिन्याभरात बँड गाव सोडून निघायचा होता आणि शेवटच्या कार्यक्रमाचं पोस्टर नेहमीप्रमाणे तिच्याकडेच आलं. तिनं एक बाई काढली, जिचे केस पानभर पसरलेत. त्या हिरव्या केसांत लाल रंगानं, वळणावळणानं लिहिलं, 'माझं चुकलं. घरी ये.' काळापांढरा फोटो काढला. ओळ साफ नाहीशी झाली. इतके जमून आलेले रंग तिला आयुष्यात साधले नव्हते.

भाऊ पोस्टर न्यायला आला. बराच वेळ बघत उभा राहिला. मग तो म्हणाला, "छान झालंय, ताई," आणि गुंडाळी करून निघून गेला. म्हणजे वाचलं आणि माफ केलं नाही, असा तिनं अर्थ लावला. दोन वर्षं ना त्याचा फोन, ना हिचा.

ठोक्यानं गुंडाळी टेबलावर उलगडली. तेच पोस्टर. कडा फाटलेल्या, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे थर.

"गाडीत त्याच्या सीटसमोर लावलेलं असायचं," ठोक्या म्हणाला. "बघत बसायचा. म्हणायचा, ताईनं यात माझ्यासाठी काहीतरी लिहिलंय. ती रागावली तरी लिहिल्याशिवाय राहायची नाही. आम्ही म्हटलं, आण इकडे, आम्ही शोधतो. तर हात लावू देईना. माझं मला सापडेल, म्हणायचा. नाही सापडलं तर नाही लिहिलं असं समजायचं. मला वाटलं, वेड लागलंय याला."

"शोधायचा?" ताईचा आवाज चढला. "एवढं ढळढळीत लिहिलंय, त्यात शोधायचं काय? हे बघ. केसांत."

ठोक्या वाकला. त्याचे ओठ हलले. वाचून झाल्यावर तो ताईकडे बघेना.

काहीतरी करायचं म्हणून त्यानं गिटार टेबलाला टेकवली. गिटारच्या मानेला सूर लावायची चिमटी अजून तशीच होती. त्याच्या अंगठ्याचा धक्का लागला आणि तिच्यावर दिवा लागला.

"ही बया," ठोक्या म्हणाला. "तार लागली की हिरवा, नाही तर लाल. एवढा गिटारवाला, पण दर कार्यक्रमाआधी मला हाक मारायचा, हिरवा झाला का रे? आम्ही त्याला आळशी म्हणायचो. हसायचा नुसता."

ताईनं हातातला जाळी पुसायचा बोळा खाली ठेवला. ती स्टुलावर बसली.

तिला ठाऊक होतं. जगात ठाऊक असलेली आता ती एकटीच होती. लहानपणी भाऊ झाडाची पानं लाल रंगवायचा आणि शाळेत पोरं हसायची. म्हणून तिनं त्याच्या पेटीतल्या हिरव्या खडूला नखानं खाच पाडून दिली होती. "बोटानं बघ," असं शिकवलं होतं. नवी पेटी आली की नवी खाच. कुणाला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं. आणि ज्या दिवशी त्याच्याशी खरं बोलायचं होतं, त्या दिवशी ती आपल्या रंगांच्या तोऱ्यात हेच विसरली. काळ्यापांढऱ्या फोटोत ओळ नाहीशी झाली म्हणून खूश झाली होती.

"ताई, पाणी देऊ?" ठोक्यानं विचारलं.

तिनं नको म्हणून मान हलवली. पोस्टर जवळ ओढलं आणि केसांवरून बोट फिरवलं. डाव्या बाजूला, जिथं ओळ नव्हती तिथं, शाई झिजून कागद उघडा पडला होता. भाऊ बोटानं बघत होता. खाच शोधत होता. शाई गुळगुळीत होती. तिच्या हातची शाई नेहमीच गुळगुळीत असायची.

मग ती रडली, आणि ठोक्याही रडला.

दुसऱ्या दिवशी ताईनं सगळ्यात मोठी जाळी काढली. पांढरा कागद, काळी शाई, वीतभर उंचीची सरळ अक्षरं. 'माझं चुकलं. घरी ये.' शाई तीनदा ओढली, इतकी जाड की हाताला लागावी. छापला एकच ताव. वाळल्यावर तिनं डोळे मिटले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट नेलं. सगळं नीट वाचता येत होतं.