एका कानाची कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, कढईला दोन कान असतात. मला एकच आहे. हसा खुशाल! पण माझी गोष्ट मात्र दोन्ही कानांनी ऐका.

लोहाराने मला तापवून, ठोकून घडवले. घाव बसत होते आणि मी कळवळत होते. शेवटी त्याने दोन्ही बाजूंना कान जोडले आणि टिचकी मारून पाहिली. टण्ण! "खणखणीत आहे पोर," तो म्हणाला. जन्मातले माझे पहिले कौतुक ते.

पुढे मी छापखान्याशेजारच्या एका खानावळीत आले. चार टेबले, एक खिडकी, एक शेगडी. काकी रांधायची आणि काका वाढायचे. काकांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. त्या बाजूने कोणी पाणी मागितले, की ते लोणी आणून ठेवत.

काकीचे नाव झाले ते एकाच पदार्थाने: इटलीतल्या सिसिली बेटाकडच्या साध्या पास्त्याने. एका म्हाताऱ्या खलाशाने तिला तो शिकवला होता. लसूण, तेल, चीज, बस्स! तीनच जिनसा, म्हणजे चूक लपवायला जागाच नाही. माझ्यात गार तेल ओतून ती लसणाचे पातळ काप सोडायची आणि गुणगुणायची:

तेल हे गार आहे, लसूणराव, या,
आच ही मंद आहे, सोन्याचा रंग घ्या.

मग ती पाठमोरी होऊन चीज किसायला घेई. लसूण झाला, हे तिला नाकच सांगे. लगेच वळून ती पास्ता उकळलेले पाणी पळीभर ओते, त्यात पास्ता घोळवी, आच बंद करी आणि वरून चीज भुरभुरवी. तेल, पाणी, चीज अशी एकजीव होत, जशा जुन्या मैत्रिणीच भेटल्या!

अशी कितीतरी वर्षे गेली. एकदा काकांच्या हातून मी फरशीवर पडले आणि माझा एक कान तुटला. झाले! माझी रवानगी ओट्याखाली, पोटात बटाटे घेऊन. माझ्या जागी नवी गुळगुळीत कढई आली. तिच्यात लसूण चोरपावलांनी शिजायचा. हूं नाही की चूं नाही.

त्याच वर्षी काकीला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला. नाकाला काही कळेना. तीन दिवस ओळीने लसूण करपला.

छापखान्यातले मुद्रितशोधक रोज जेवायला येत. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. कागदावरची एक चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट सरकवले. "काकी, आज लसणाऐवजी शाई घातलीत वाटतं!"

सगळे हसले. काकीने एप्रन खुंटीला अडकवला. "नाक कापलं गेलं माझं. उद्या एक दिवस, मग खानावळ बंद."

"मग आनंद?" काका म्हणाले. "हो, आनंदच की!"

काकी रडता रडता हसली. "तुम्हाला कान नाही, मला नाक नाही. जोडा मात्र शोभतो हो!"

सकाळी नवी कढई करपून, काळी होऊन पाण्यात भिजत पडली होती. नाइलाजाने काकीने माझ्यातले बटाटे ओतले. मला घासले, कोरडे केले. गार तेल, मंद आच, लसूण. आणि सवयीने ती पाठमोरी झाली.

आता करपला, तर खानावळ गेली! पण मी काय बोलणार? बोलला तो लसूण. मी त्याचा आवाज फक्त मोठा केला. आधी चुळबुळ. मग चुरचुर. मग जोरात तडतड.

किसणीवरचा काकीचा हात थांबला.

"काय गं, झालं का?" काका दारातून ओरडले.

"गप्प बसा हो! कढई बोलतेय."

तडतड हळूहळू उतरली, कुजबुजीवर आली. काकी गर्रकन वळली. माझ्यात सोनेरी काप तरंगत होते! तिने पळीभर पाणी ओतले. झुर्रर्र!

दुपारी चष्मेवाल्यांनी पहिला घास घेतला. सगळ्या खानावळीचे डोळे त्यांच्यावर. त्यांनी चष्मा पुसला आणि ताटावर वाकून शेवटची शेवही सोडली नाही.

"काकी, एक चूक सापडली."

काकीने ओट्याची कड घट्ट धरली.

"ताट फार लहान आहे."

तो एप्रन आजही रोज काकीच्या अंगावर असतो. खुंटीवर आता मी असते, शेगडीशेजारी, माझ्या एका कानाने लटकलेली. "ही माझ्या वळणावर गेलीय," काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

मित्रांनो, लोखंडाचे भांडे ओले ठेवू नका, गंज चढतो. पुसून त्यावरून तेलाचा हात फिरवा. आणि कुणाचा कान तुटला म्हणून त्याच्यात बटाटे भरण्याआधी, एकदा टिचकी मारून पाहा.

टण्ण!