चार दारांची खोली

रतनबाईनं फोनवर एकच अट घातली होती. "आक्का, येईन. पन माझं दार येगळं पायजे. कुनाच्या सैपाकघरातनं वाकून जाणं आता या जल्मी न्हाई."

नगरला पुतण्याच्या सैपाकघरामागच्या गॅलरीत तिची पाच वर्षं गेली होती. धाकट्या बहिणीचं हे बोलणं ऐकलं, आणि राजूरजवळच्या आपल्या गावात छबूबाईनं त्याच दिवशी ठरवलं, अंगणात खोली बांधायची. दहा फूट रुंद, बारा फूट लांब.

खोलीला ग्रामपंचायतीची परवानगी हवी, परवानगीला नकाशा हवा. तालुक्याच्या, अकोले गावच्या इंजिनिअरनं तारीख दिली दिवाळीनंतरची. मग छबूबाईच्या नवऱ्यानं, रंगनाथनं, जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर एक चौकोन काढला आणि चतुःसीमा लिहिल्या: उत्तरेस गल्ली, पूर्वेस सुनील, पश्चिमेस आमचं सैपाकघर, दक्षिणेस म्हैस.

ग्रामसेविका पंकजा मॅडमनी कागद परत केला. "काका, म्हैस सीमा होत नाही. ती हलते."

"आमची न्हाई हलत, मॅडम. लई आळशी हाय."

मॅडम हसल्या, शिक्का मात्र डब्यातच राहिला. "मापात काढून आणा. अन् जागेवर आखून ठेवा, गुरुवारी बघायला येते."

"द्या इकडं," घरी छबूबाई म्हणाली. "पन्नास ठिपक्यांचा मोर काढणारी बाई मी. चार भिंतींना घाबरू व्हय?"

तिनं रांगोळीची वही उघडली. एक ठिपका म्हणजे एक फूट. गुरुवारी सकाळी तेच माप अंगणात उतरलं. मुठीतून पांढरी रेघ सुटत होती, आणि ओठांतून लहानपणी दोघींनी दळताना जुळवलेली ओवी:

*बहीण माझी बाई, जात्याची वरली पाळू*
*तिच्यावाचून गं, एकटीनं काय दळू*

मॅडमनी टेप लावला. "दहा बाय बारा. बोटभरही फरक नाही, मावशी!" मग त्या थबकल्या. "पण ही चार दारं?"

"रांगोळी चहूकडनं सारखी नको व्हय? एकाच बाजूला दार काढलं की तोंड वाकडं केल्यागत दिसतं."

"पूर्वेचं दार उघडलं तर सुनीलभाऊंच्या भिंतीला धडकेल."

भिंतीवर कोपरं टेकून शेजारचा सुनील तमाशा बघत होता. "धडकू द्या की. वैनीचा चहा तरी इकडं यील."

"तुला चहा पायजे तर गल्लीतनं ये!" म्हणत छबूबाईनं पूर्वेचं दार पुसलं. दक्षिणेचंही पुसलं, तिकडं म्हैस रवंथ करत बसली होती. उत्तरेचं राहिलं, गल्लीकडचं, रतनबाईचं. पश्चिमेच्या दारापाशी मात्र तिचा हात थांबला. ते तिच्या सैपाकघरात उघडत होतं.

"हे पुसायचं ना?" मॅडमनी विचारलं. "अर्ज स्वतंत्र खोलीचा आहे. जोडखोलीही चालेल, पण एक काय ते लिहून द्या."

रंगनाथ हळूच म्हणाला, "पुस बाई. तिला कळलं तर यायाची न्हाई."

"तिला आजारबिजार झाला तर मी गल्लीतनं वळसा घालून पळू? फोन लावा."

रंगनाथनं फोन लावून स्पीकरवर टाकला. छबूबाईनं एका दमात सगळं सांगितलं: नकाशा, मॅडम, सुनीलचा चहा आणि शेवटी ते दार. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आक्का."

"काय?"

"त्या दाराची कडी कुनाच्या बाजूनं?"

छबूबाईनं खाली बघितलं. रांगोळीत कडी कुठं असते? पण ती लगेच म्हणाली, "तुझ्या. तू उघडलं तरच उघडंल. मी नुसती वाजवीन."

"मग ऱ्हाऊ दे."

मॅडमनी खाली बसून वहीच्या पानावर पश्चिमेच्या दाराशी बारीक अक्षरात लिहिलं, 'कडी खोलीच्या बाजूस', आणि अर्जावर 'जोडखोली'. रंगनाथ फोन ठेवणार, तेवढ्यात रतनबाईचा आवाज पुन्हा आला.

"आन् आक्का, ते सैपाकघराकडचं दार जरा उंच कर. वाकाया लागू नये."

छबूबाईनं डोळ्यांना पदर लावला, रांगोळीची मूठ तशीच घट्ट. मग ती मॅडमकडे वळली.

"मॅडम, ठिपक्यांत उंची कशी काढत्यात?"