एवारिस्तोकाकांच्या गच्चीवरची पेटी

सोमवारी दुपारी रेईनियेर डिस्क घेऊन यायचा आणि सोमवारी संध्याकाळी सांता क्लाराच्या त्या सहा गल्ल्यांत भांडणं पेटायची. नवरा-बायकोची नव्हेत, पाण्याच्या टाकीवरूनही नव्हेत. कुठल्या कंपनीने फोनमधून काय काढलं आणि काय घातलं, यावरून! इंटरनेटवरची आठवड्याची पानं त्या डिस्कमध्ये भरून हवानाहून यायची, म्हणजे बातमी शिळीच. बाकीच्या जगाचं त्यावर भांडून, दमून, विसरूनही झालेलं असायचं. पण म्हणून काय झालं? शिळ्या भाताला फोडणी दिली की दोन घास जास्तच जातात.

भांडायची जागा म्हणजे ‘कोपरा’. पन्नासेक घरांनी गच्च्यांवरून वायरी ओढून आपापले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते आणि त्यावर हा फोरम चालायचा. बाहेरचं इंटरनेट त्यात नव्हतं. आपलेच लोक, टोपणनावं घेऊन. नियम तीनच. राजकारण नाही. कोणाचं खरं नाव विचारायचं नाही. आणि बोलायचं ते मुद्द्यावर, माणसावर नाही. तिसरा नियम मोडला आणि समोरच्याने तक्रार केली, की महिनाभर बंदी. ही बंदीही कशी? गुन्हेगाराने स्वतःच्या हाताने आपली वायर काढायची, गुंडाळायची आणि कोपरा सांभाळणाऱ्या रेईनियेरच्या दारी नेऊन द्यायची. तो ती आपल्या सज्जाच्या कठड्याला टांगायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

इदालमिस कोरालेस उत्तरेकडच्या लाइनची राखण करायची. वय सत्तेचाळीस, घराच्या पुढच्या खोलीत फोनदुरुस्तीचं दुकान, जीभ अशी की ब्लेडने कापलेलं बरं. मुलगी परदेशी, तांपाला गेल्यापासून संध्याकाळ तिला खायला उठायची, आणि ती संध्याकाळ कोपऱ्याने भरून काढली होती. तिथे तिचं नाव ‘पक्कड’. सगळ्यांना ती पक्कड म्हणजे कोणीतरी तरणाबांड इंजिनियर वाटायची आणि तिला ते मनातून आवडायचं.

तिचा पक्का वैरी होता ‘ट्रान्झिस्टर’. काय तो माणूस! लांबलचक, मुद्देसूद, एकही शब्द वायफळ नाही, आणि हार मानणं ठाऊकच नाही. तीन वर्षं दोघं झुंजत होते. सोमवारी जेवण गॅसवर करपलं तरी बेहत्तर, पण ट्रान्झिस्टरला उत्तर दिल्याशिवाय ही बाई उठायची नाही.

त्या सोमवारी बातमी आली की एका बड्या कंपनीने नव्या फोनमधून इअरफोनचा जॅकच काढून टाकला. झालं! ट्रान्झिस्टरने बारा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. आजोबांच्या रेडिओला चालत होती तीच पिन नातवाच्या फोनलाही चालते, अशी दुसरी वस्तू दाखवा, म्हणाला. पक्कडने लिहिलं, माझ्याकडे दहा फोन येतात त्यातल्या तिनांचा जॅक गंजलेला असतो, ओल तिथूनच शिरते. इथवर ठीक होतं. मग त्याने गंज न धरणाऱ्या जॅकची कुठलीशी आकृती काढून दाखवली. लोकांनी वाहवा केली, आणि इदालमिसला मिरच्या झोंबल्या.

तिने लिहिलं: ‘ज्याने जन्मात नवा फोन हातात धरला नाही, त्याने फोनवर प्रवचनं झोडू नयेत. डिस्कवरची पानं पाठ करून कोणी जाणकार होत नाही. आजोबा, रेडिओ लावा आणि झोपा.’

हा टोला तिने अंदाजानेच मारला होता. त्रेचाळीस जण हसले. त्रेचाळीस! तिने दोनदा मोजले आणि मजेत केळी तळायला गेली. ट्रान्झिस्टरचं उत्तर त्या दिवशी आलं नाही, मंगळवारीही आलं नाही.

बुधवारी सकाळी मिगदालिया शिंपिणीचा फोन. “अगं इदालमिस, माझी लाइन मेली! बहिणीशी डॉमिनोचा डाव अर्ध्यात आहे, मी जिंकत होते! काय करून ठेवलंयस?”

मिगदालियाचीच नव्हे, तिच्यासकट पलीकडची अकरा घरं बंद होती. पाठोपाठ रेईनियेर दारात हजर. “एवारिस्तो लुगोनेस म्हणतोय, गच्चीवरची ती वायरी जोडायची पेटी शनिवारपर्यंत काढून न्या. तिची वीज त्याने बंदच केलीय.”

“का पण?”

“सांगत नाही. तू जा, तुझं ऐकेल. पेटी गेली तर ती अकरा घरं कायमची तुटली, एवढं लक्षात ठेव. ती मधली गच्ची वगळली तर अलीकडच्या गच्चीपासून पलीकडची दीडशे मीटरवर आहे.”

वायर शंभर मीटरपुढे चालत नाही हे इदालमिसला सांगायला नको होतं. ती लाइन तिनेच ओढली होती. गच्ची गळत असेल, म्हाताऱ्याचा जीव वैतागला असेल, असं म्हणून तिने डांबराची डबी पिशवीत टाकली आणि निघाली.

एवारिस्तोकाका तिला माहीत होते ते असे: बहात्तर वर्षांचे, सडपातळ, इस्त्रीचा सदरा, शिडी मागितली की शिडी द्यायचे, वर कॉफी. बोलणं जवळजवळ नाही. रेडिओच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती आणि आता कानांनी दगा दिला होता. लोक ओसरीशी थांबायचे, दोन वाक्यं ओरडून बोलायचे, ती पोचली नाहीत की हसून मान हलवायचे आणि पुढे जायचे. इदालमिसही तेच करायची. खोटं कशाला बोला!

“कॉफी घे, पोरी,” काका म्हणाले आणि आत गेले.

टेबलावर सुट्या भागांतून जुळवलेला जुना कॉम्प्युटर होता, पडदा काळा. बाजूला शाळेची वही उघडी पडलेली. बघायचं नव्हतं, पण डोळे गेले. पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘पक्कड यांना उत्तर.’ खाली चार ओळी, खोडलेल्या. पुन्हा चार, पुन्हा खोडलेल्या. त्याखाली गंज न धरणाऱ्या जॅकची आकृती, पट्टीने काढलेली.

इदालमिसने ती आकृती ओळखली. हा? हा गप्प म्हातारा, तो आग ओकणारा ट्रान्झिस्टर?

काका कॉफी घेऊन आले. वहीकडे तिची नजर गेलेली त्यांनी पाहिली आणि वही शांतपणे मिटली.

“तिथे एक मुलगा आहे,” ते म्हणाले. ऐकू कमी येणाऱ्यांचा असतो तसा त्यांचा आवाज जरा चढाच होता. “हुशार आहे हो. तीन वर्षं त्याच्याशी बोलतोय. ओसरीवर कोणी माझ्याशी वाद घालत नाही, पोरी. माना डोलवतात. तिथे मला कान लागत नव्हते. वाटायचं, अजून आपलं म्हणणं कोणी खोडायच्या लायकीचं समजतं.” ते थोडं हसले. “पण तो म्हणाला ते खरं आहे. मी तसला फोन कधी हातात धरला नाही. वाचून वाचूनच बोलतो. सगळे हसले. म्हणजे सगळ्यांना आधीपासून कळत असणार. मग घरात ती पेटी कशाला गुणगुणत ठेवायची? घेऊन जा.”

इदालमिसने कप खाली ठेवला. गप्प राहणं किती सोपं होतं! नाव विचारायचं नाही हा नियमच होता. पक्कड कोण हे जन्मात कोणाला कळलं नसतं. चार गोड शब्द बोलायचे, पेटी वाचवायची, घरी जायचं. तिने मान खाली घातली आणि पुटपुटली, “ती पक्कड मीच, काका.”

“काय?”

“पक्कड मी आहे.”

“मोठ्याने बोल गं, पोरी.”

आता झाली का पंचाईत! कबुली देणारा माणूस आवाज खालीच ठेवणार ना? पण इथे ती सोय नव्हती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, “पक्कड मी आहे! तो मुलगा नाही! मी! मीच लिहिलं ते!”

समोरच्या सज्जात मिगदालियाचं शिवणयंत्र थांबलं. खाली केळीवाला होता, तोही थांबला.

एवारिस्तोकाकांनी कप बशीत ठेवला.  रागावले असते तर बरं झालं असतं. ते लाजले, कानापर्यंत लाल झाले, जणू त्यांनाच कोणी चोरी करताना पकडलं होतं.

“माझ्या घरी कॉफी प्यायलीस तू,” ते म्हणाले. “किती वेळा!”

“मला ठाऊक नव्हतं हो!” ती अजून ओरडतच होती, आणि आता डोळ्यांतूनही यायला लागलं होतं. “तक्रार करा, काका! माझी वायर निघू दे!”

“तक्रार करायला मी काय शाळेतला पोरगा आहे? आणि तू खोटं कुठे बोललीस?”

“खरं होतं म्हणूनच नीचपणा होता! मला तुमचं उत्तर खोडता येईना, म्हणून मी तुम्हालाच खोडलं!”

काका उठले. “शनिवारपर्यंत पेटी ने,” एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

ती घरी आली. संध्याकाळी तिने कोपऱ्यावर शेवटचं लिहिलं: ‘सोमवारी मी ट्रान्झिस्टर यांच्याबद्दल जे लिहिलं ते मुद्द्यावर नव्हतं. मुद्द्यावर ते जिंकले होते. त्यांनी तक्रार केलेली नाही. नियमाला तक्रार लागत असेल, तर ही माझी माझ्याविरुद्ध तक्रार समजावी.’ मग शिडी लावली, भिंतीवरचे खिळे एकेक करून उपसले, वायर गुंडाळली आणि खांद्यावर टाकून भर रस्त्यातून रेईनियेरच्या घरी गेली.

“डोकं फिरलंय का तुझं?” रेईनियेर म्हणाला. “कोणी बोललं का तुला काही?”

“तीन वर्षांत माझ्या तक्रारीवरून चार जणांच्या वायरी तू इथे टांगल्यास. पाचवी माझी टांग.”

“महिनाभर काय करशील?”

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि खरंच तिला माहीत नव्हतं.

गुरुवारची संध्याकाळ संपता संपेना. सवयीने ती कॉम्प्युटरपाशी बसली, उठली, मुलीचे जुने फोटो चाळले, पुन्हा बसली. आपण कोणाची जागा हिसकावली ते आता तिला बसल्या जागी कळत होतं. अकरा घरांची लाइन अजून बंदच होती, आणि लोक रस्त्यात तिला बघून हसत नव्हते.

शुक्रवारी दुपारी मिगदालिया धापा टाकत दुकानात शिरली, गळ्यात टेप तशीच. “आली गं, आली! लाइन आली! मी म्हाताऱ्याला सज्जातून ओरडून सगळं सांगितलं, तुझी वायर टांगलीय म्हणून. दहादा ओरडले, घसा बसला माझा! म्हातारा स्वतः जाऊन बघून आला म्हणे. कठड्याखाली उभा राहिला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि घरी येऊन बटण दाबलं.”

“काही म्हणाले का?”

“म्हणतात कसे, पोरीने गुंडाळी नीट घातलीय.”

इदालमिस हसली आणि लगेच तिला रडूही आलं. मिगदालियाने तिला पोटाशी धरलं आणि डॉमिनोसाठी पळाली.

सोमवारी डिस्क आली. बातमी अशी, की कुठल्याशा कंपनीने फोनचं मागचं झाकण गोंदाने कायमचं चिकटवून टाकलं. आता बॅटरी बदलायची तर झाकण फोडायचं! इदालमिसचं रक्त उसळलं. दुकानात एकटीच बडबडली, स्क्रू-ड्रायव्हर आपटला, आणि शेवटी, बंदी फोरमवर आहे, पायांवर नाही, असं म्हणून तडक एवारिस्तोकाकांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

काका खिडकीशी बसून टंकत होते. तिला बघून त्यांनी मानेनेच झुलती खुर्ची दाखवली. “झाकणाचं वाचलंस? छान केलं त्यांनी. ओल शिरणार नाही. तूच म्हणत होतीस.”

“छान? काय छान?” ती ओरडली. “दोन वर्षांनी बॅटरी फुगली की काय झाकण चाटायचं? फुगलेल्या बॅटरीवरून साधं झाकण उपसतानाही हात भाजलेत माझे! हे बघा!”

त्यांनी तिच्या बोटांवरचे डाग निरखून पाहिले. मग वळले आणि टंकू लागले, ओठ हलवत, मोठ्याने: “‘पक्कड म्हणतात… की बंद झाकणाने ओल थांबेल, पण फुगलेली बॅटरी काढताना दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाला धोका आहे. त्यांच्या हातांवर याचा पुरावा आहे आणि तो मी स्वतः पाहिला.’ बरोबर?”

“मी इतकं चांगलं नव्हते बोलले.”

“नीट मांडल्याशिवाय खोडायला मजा काय?” काका म्हणाले. “माझं उत्तर खाली लिहितो. तू चुकतेयस.”

तेवढ्यात पडद्यावर कोणाचं तरी आलं. काकांनी ते वाचलं आणि त्यांच्या भुवया चढल्या.

“काय म्हणतोय?” तिने विचारलं.

“म्हणतोय, पक्कडला बंदी आहे, तिचं कशाला ऐकायचं? आणि हसलेत नऊ जण.”

इदालमिसचा चेहरा पडला. एवारिस्तोकाकांनी खुर्ची पुढे ओढली. दोन बोटांनी, एकेक अक्षर ठोकत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते लिहू लागले: “‘बंदी तिच्या वायरीला आहे. माझ्या वायरीला नाही. पक्कड माझ्या ओसरीवर बसल्या आहेत. त्या बोलतील, मी लिहीन, आणि महिनाभर तुम्ही ऐकाल. ज्याला हसायचंय, त्याने आधी मुद्दा खोडावा.’”

त्यांनी बटण दाबलं आणि तिच्याकडे वळले.

“हं, बोल पुढे,” ते म्हणाले. “मोठ्याने बोल. एकही शब्द सुटायला नको.”